चव्वेचाळिसाव्या वर्षी तपासून काय मिळणार?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून चव्वेचाळीस वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलं आहे. त्या राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहेत. चौदा वर्षं त्यांनी कर्जाच्या फायली तपासण्याचं काम केलं आणि त्यांच्या टेबलावरून गेलेल्या फायलीत चूक सापडत नाही असं नाव मिळवलं. गेल्या वर्षी बढती मिळून त्यांची शाखेत बदली झाली. आता दिवसभर ग्राहक, फोन, टोकनची घंटी आणि एकाच वेळी बोलणारी चार माणसं. घरी आल्यावर तासभर अंधार करून पडून राहावं लागतं, झोप उडाली आहे, राजीनामा द्यावा असं वाटतं. त्याच सुमारास बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. तपासणीला त्या सोबत होत्या. डॉक्टर मुलाबद्दल जे विचारत होते त्यात त्यांना स्वतःचं लहानपण दिसलं: फ्रॉकच्या आतल्या शिवणीवरून रडारड, ताटात भाजी वरणाला लागली की जेवण बंद, गल्लीतल्या मुलींचे खेळ लांबून बघणं, एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ. इंटरनेटवरच्या चाचणीत गुणही बरेच आले. यजमान म्हणतात, "असं थोडंफार सगळ्यांनाच असतं. संसार केलास, बँकेत ऑफिसर झालीस, तुला कसला ऑटिझम?" बहीण दुखावली आहे: "माझा मुलगा अजून 'आई' म्हणत नाही आणि तू स्वतःला त्याच्या शेजारी बसवतेस?" मुलगी अकरावीत आहे, पुढे तिच्या लग्नात हे आडवं येईल का ही धास्ती आहे. त्या विचारतात: तपासून घ्यावं का? या वयात त्यातून काय मिळणार? की मी माझ्या उणिवांना निमित्त शोधते आहे?

ताई,

सगळ्यात आधी राजीनाम्याबद्दल. तो आत्ता देऊ नका. बँकेच्या बाथरूममध्ये जाऊन रडू येतं, रात्री तीनला जाग येते ती येतेच, असं तुम्ही लिहिलं आहे. एवढ्या थकव्यात चौदा वर्षांच्या नोकरीचा निकाल लावू नये. वैद्यकीय रजा शिल्लक असेल तर ती घ्या आणि त्या दिवसांत पहिल्यांदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघून घ्या. पाळी पुढेमागे होऊ लागली असेल तर तेही सांगा. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत आवाज, उजेड, स्पर्श जास्त खुपू लागल्याचं अनेक ऑटिस्टिक बायका सांगतात. आणि ऑटिझम नसलेल्या बायकांचीही झोप आणि मनःस्थिती त्या काळात ढासळते. आणि जगणंच नको असा विचार मनात डोकावत असेल, तर पुढचं काही वाचण्याआधी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन करणं तुम्हाला जड जातं हे मी वाचलं आहे, म्हणून क्रमांक यजमानांना लावायला सांगा.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते. बँकेत नोकरी करणारा माणूस ऑटिस्टिक असू शकत नाही, हे या विषयाच्या इतिहासातच खोटं ठरलेलं आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची वर्णनं लिहिली आणि तिथून ऑटिझमचं निदान सुरू झालं. त्यातला पहिला मुलगा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड ट्रिपलेट, मोठा होऊन आपल्याच गावच्या बँकेत नोकरीला लागला, निवृत्त झाला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. त्याचं घर खातंपितं होतं आणि गावाने त्याला सांभाळून घेतलं, हेही खरं. पण ऑटिझम आणि बँकेची नोकरी एका माणसात राहू शकतात एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि तुमच्या बाबतीत थोडं आपल्याकडच्या रीतीचंही बघायला हवं. बँकेत तुम्ही लेखी परीक्षा देऊन लागलात. मुलाखतीची उत्तरं पाठ करता येतात, तुम्ही ती केली होती असं तुम्हीच लिहिलं आहे. स्थळ वडिलांनी पाहिलं, बोलणी मामांनी केली. सासरी कोणत्या सणाला काय करायचं हे ठरलेलं होतं आणि ठरलेलं काम तुम्हाला कधीच जड गेलं नाही. अनोळखी माणसाशी ओळख काढणं, ती वाढवणं, समोरच्याच्या मनातलं हेरून पुढे सरकणं, यातलं फारसं काही तुमच्या लग्नाला किंवा नोकरीला लागलंच नव्हतं. जिथे ते लागतं, तिथे तुमची दमछाक झालेली आहे. कॉलेजमध्ये तीन वर्षांत एक मैत्रीण. हळदीकुंकवाला जाण्याआधी काय बोलायचं याची वहीत लिहिलेली वाक्यं. म्हणून संसार आणि हुद्दा यांवरून "नाहीच" म्हणता येत नाही. "आहेच" असंही म्हणता येत नाही, त्याकडे पुढे येते.

"सगळ्यांनाच असतं" हे वाक्य मोठ्या वयात तपासणीचा विचार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ऐकावं लागतं. त्यात तथ्य आहे. मिक्सरचा आवाज अनेकांना नकोसा होतो, लग्नाच्या पंगतीत अनेकजण कंटाळतात. पण निदान एकेका सवयीवर होत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेचे २०१३ पासूनचे निकष बघितले तर दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, माणसांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण, जी बोलण्यात, हावभावांत आणि नाती राखण्यात सगळीकडे दिसते. दुसरी, तेच ते करण्याची ओढ, ठरलेलं बदललं की होणारा त्रास, एखाद्याच विषयात खोल बुडून जाणं, आवाज-स्पर्श-वासाची तीव्र किंवा फारच कमी जाणीव. हे लहानपणापासून असावं लागतं आणि त्याने जगण्यात खरी अडचण व्हावी लागते. त्याच निकषांत आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, ती यजमानांना जरूर वाचून दाखवा: ही लक्षणं पुष्कळदा तेव्हाच उघड होतात, जेव्हा सामाजिक अपेक्षा माणसाच्या कुवतीपलीकडे जातात, तोवर शिकून घेतलेल्या युक्त्यांनी ती झाकलेली राहू शकतात. तुमची बदली आठवा. चौदा वर्षं तुम्ही अशा खुर्चीत होतात जिथे शांतता होती, नियम होते आणि बारकाव्यांची कदर होती. बढती मिळाली आणि ही तिन्ही एका दिवसात गेली. तुम्ही अचानक बिघडला नाहीत.

मग शाळेत कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? तेव्हा बघणारं कुणी नव्हतं. बोलायला उशीर न झालेल्या, हुशार मुलांमधला ऑटिझम अ‍ॅस्पर्जर या नावाने अमेरिकन निकषांत आला तो १९९४ मध्ये. तुम्ही तेव्हा माध्यमिक शाळेत होतात. आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता, तो पहिल्यांदा १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला. शिवाय तुम्ही मुलगी. वर्गात न बोलणारी, वही सुबक ठेवणारी, मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसणारी मुलगी मराठी शाळेत गुणी म्हणून कौतुकाला पात्र ठरते. घरी मात्र तुम्हाला घुमी म्हणत, पुढे सासरी शिष्ट आणि माणूसघाणी. शिक्का बसेल याची तुम्हाला भीती वाटते, पण हे शिक्केही काही कमी नव्हते. फक्त ते मारण्याआधी कुणी नीट तपासलं नव्हतं.

निमित्ताचा प्रश्न मी इथेच संपवते. निमित्त शोधणारा काम टाळतो. तुम्ही समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघायला शिकलात, म्हणजे डोळ्यांत बघितल्यासारखं वाटेल. कोण कधी हसतं ते पाहून हसायला शिकलात. एवढी मेहनत घेतलेल्या बाईने स्वतःला चुकार म्हणावं हे वाचून मला वाईट वाटलं.

मात्र त्या इंटरनेटवरच्या चाचणीवर फार भार टाकू नका. तुम्ही केलेली पन्नास प्रश्नांची चाचणी २००१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केली. ती चाळणी आहे, निदान नाही. चारचौघांची भीती असलेल्यांचे, जुन्या नैराश्यात असलेल्यांचे गुणही त्यात वाढतात. आणि प्रश्न तिकडच्या आयुष्यातले आहेत. पार्टीपेक्षा ग्रंथालयात जायला आवडेल का, असा एक प्रश्न त्यात आहे. आपल्याकडे वास्तुशांतीला जायचं की नाही हे बाईला कुणी विचारतच नाही, तिथे "आवडेल का" याचं उत्तर ती कशावरून देणार? गुण जास्त आले याचा अर्थ पुढे जाऊन विचारावं एवढाच घ्या.

मूल्यमापन करणाऱ्याला ऑटिझमपासून वेगळं काढून बघावं लागणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. सामाजिक चिंतेत माणसाला रीत कळत असते, पण आपण हास्यास्पद ठरू ही धास्ती असते. जिवलग माणसांत ती बहुधा विरते. तुम्ही लिहिता की सख्ख्या बहिणींबरोबरची सहलसुद्धा, मजा येऊनही, तुम्हाला दोन दिवस निकामी करते. हा फरक डॉक्टरांना नेमका याच शब्दांत सांगा. मंत्रचळेपणात, म्हणजे ओसीडीत, माणसाला ती कृती नकोशी असूनही करावी लागते, ऑटिझममध्ये तोच तो क्रम बहुधा सुखाचा असतो. लक्ष टिकवण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, ऑटिझमसोबत पुष्कळदा असते. २०१३ पूर्वी ही दोन निदानं एकत्र करण्याची मुभाच नव्हती, त्यामुळे जुन्या पद्धतीने शिकलेले काहीजण आजही एकावरच थांबतात. लहानपणी घरात मार, भीती असेल तर तिचेही परिणाम असेच दिसू शकतात. आणि तुमचं आत्ताचं नैराश्य खरं आहे, त्यावर उपचार होतात, ऑटिझमचं उत्तर काहीही येवो.

तर तपासावं का? न तपासताही जगणं सुसह्य करता येतं. स्वतःला ओळखून घर आणि दिवस बदलणारी पुष्कळ माणसं कधीच अहवाल घेत नाहीत, त्यांना मी कमी लेखत नाही. पैसे नसतील, जवळ तज्ज्ञ नसेल, घरात उघड विरोध असेल तर तो मार्ग योग्यच आहे. पण तुमच्या परिस्थितीत तपासावं असं माझं मत आहे. तुमच्यापुढे नोकरीबद्दलचा मोठा निर्णय आहे आणि तो "मी कमी पडते" या समजुतीवर घ्यायचा की "या खुर्चीत माझी ताकद भलत्याच ठिकाणी खर्च होते" या माहितीवर, यात फार अंतर आहे. दुसरं असं की, चिंता आणि नैराश्यावरचं समुपदेशन ऑटिस्टिक माणसासाठी थोडं वेगळ्या रीतीने करावं लागतं. "लोकांत मिसळा" हा सल्ला चिंतेवर उतारा ठरू शकतो, पण आवाजाने आधीच पिळून निघालेल्या माणसाला तो आणखी खचवतो.

उत्तर "नाही" आलं तर? त्याने तुमचा त्रास खोटा ठरत नाही. मग हे कशामुळे आहे, हा प्रश्न तिथेच विचारा आणि त्याचंही लेखी उत्तर मागा.

कुणाकडे जावं याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या प्रश्नाची पत्रं इतरांचीही येतात. ऑटिझम म्हटलं की आपल्याकडे मुलांची केंद्रं डोळ्यांपुढे येतात. प्रौढांसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) या दोघांपैकी कुणी किंवा दोघं मिळून लागतात. मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. असं विचारण्यात काही गैर नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तुम्हाला मिरज, कोल्हापूर किंवा पुण्याचं ससून जवळ पडेल. मोठ्या वयाच्या निदानाचा अनुभव सगळीकडे सारखा नसतो, म्हणून तिथे नसेल तर कुणाकडे पाठवाल हे त्यांनाच विचारा. बेंगळुरूची निमहान्स ही राष्ट्रीय संस्थाही आहे. चांगल्या मूल्यमापनाला बहुधा एकाहून जास्त भेटी लागतात, लहानपणाची माहिती घेतली जाते आणि शक्य असेल तर घरच्या कुणाशी तरी बोलतात. "तुम्ही माझ्याकडे बघून बोलताय, म्हणजे ऑटिझम नाही" असं पाच मिनिटांत कुणी म्हटलं, किंवा नुसता एक फॉर्म भरून घेऊन "आहे" म्हटलं, तर दुसऱ्याकडे जा.

लहानपणाची माहिती हा तुमच्या तपासणीचा कणा आहे आणि तुमच्या आई आहेत, हे मोठं भाग्य. त्यांना "मी विचित्र होते का" असं विचारू नका. त्या दुखावतील आणि "छे, गुणाची होतीस" म्हणून विषय संपवतील. नेमकं विचारा. मी पहिल्यांदा कधी बोलले? पाहुणे आले की कुठे जायचे? फटाक्यांना काय करायचे? एकटी खेळायचे तेव्हा काय खेळायचे? शाळेची प्रगतिपुस्तकं जपलेली असतील तर त्यांतले शेरे बघा. "हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही" असं तीन इयत्तांत वेगवेगळ्या बाईंनी लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना तो पुरावाच आहे. सोबत आजच्या आयुष्यातले प्रसंग लिहून न्या, गुणविशेष नकोत. "मला आवाज सहन होत नाही" यापेक्षा "मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की मी पार्किंगमध्ये जाऊन उभी राहते" हे उपयोगाचं. आणि एक विनंती: त्या दिवशी नेहमीसारखा मुखवटा चढवून जाऊ नका. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा, बघावंसं वाटलं नाही तर बघू नका.

निदान आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर विशेष सवलती लागू होतात. पण त्यासाठी तुम्ही स्वतः अर्ज करावा लागतो, कुणी बळजबरीने कार्ड हातात देत नाही. प्रमाणपत्रासाठीची मोजपट्टी चाळीस मुद्द्यांची आहे आणि त्यातले बरेच मुद्दे बाहेरून दिसणाऱ्या वागण्याचे आहेत, त्यामुळे निदान होऊनही प्रमाणपत्र मिळेलच असं नाही. तुमचा अहवाल तुमच्यापाशी राहतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे, मोजके अपवाद सोडले तर, डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय ही माहिती बँकेला काय, नातेवाइकांनाही देऊ शकत नाहीत.

म्हणून साहेबांना आत्ता काही सांगू नका. अहवाल हाती आल्यावर ठरवा. तोवर कारण न देताही बरंच मागता येतं: टोकनच्या स्पीकरपासून लांबची जागा, तोंडी सूचनांऐवजी ईमेल, जेवणाची अर्धी सुट्टी एकटीने. कानात घालायचे मऊ बोळे केसांखाली दिसत नाहीत. पुन्हा फायलींच्या विभागात बदली मागणं म्हणजे हार असं तुम्ही लिहिलं आहे. मला तसं वाटत नाही, बँकेलाही तिथल्या तुमच्या कामाची गरज होती. प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी बँकेवर वाजवी सोयी करून देण्याची कायदेशीर जबाबदारी येते, तो दरवाजा तेव्हा उघडा आहे.

ऑटिझमवर औषध नाही, त्यामुळे कुणी बरं करून देतो म्हणालं तर तिथून उठा. स्टेम सेलचे उपचार ऑटिझमसाठी करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. हे बहिणीलाही सांगा, लहान मुलांच्या आईबापांना अशी माणसं आधी गाठतात.

बहिणीच्या बोलण्याला उलट उत्तर देऊ नका. तिचं दुःख तुमच्यापेक्षा वेगळं आहे आणि बहुधा मोठंही आहे. लोर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ स्वतः ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या, आणि ऑटिझमचा पट फार रुंद आहे हे जगाला पटवणाऱ्यांत त्या अग्रेसर होत्या. आजच्या निदानात म्हणूनच लागणाऱ्या आधाराच्या तीन पातळ्या लिहितात. तुमच्या भाच्याला आयुष्यभर जो आधार लागेल तो तुम्हाला लागणार नाही, हे तुम्ही तिला आपणहून सांगा. मग तिच्या मुलासाठी काही करा. प्रमाणपत्र झालं की त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची; तो फॉर्म तुमच्याइतका बिनचूक कोण भरणार? आणि कुकरची शिट्टी झाली की तो कान का दाबतो, हे तुम्ही तिला आतून सांगू शकाल. त्याच्या मनातलं सगळं कळतं असा दावा मात्र करू नका.

मुलीचं. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. पण तुम्ही तपासल्याने किंवा न तपासल्याने तिच्या रक्तातलं काही बदलत नाही. तिला तसं काही नसेल तर प्रश्न मिटला. असेल, तर सोळाव्या वर्षी ते समजून घेणारी आई तिला मिळेल, जी तुम्हाला मिळाली नाही, तुमच्या आईचा काही दोष नसताना. लग्नाच्या बाजारासाठी तुम्ही गप्प बसलात असं तिला पुढे कळलं तर ती काय म्हणेल, याचाही विचार करा.

यजमानांना पटवण्यात आत्ता शक्ती घालवू नका. "मला निदान नको, मला उत्तर हवंय, सोबत चल" एवढंच म्हणा. मूल्यमापन करणारे त्यांनाही प्रश्न विचारतील, आणि वीस वर्षं तुम्हाला जवळून बघितलेल्या माणसाला त्या प्रश्नांची उत्तरं देताना पुष्कळ आठवेल.

वेळ घेण्यासाठी फोन करावा लागेल म्हणून तुम्ही अडला आहात, म्हणून हा मजकूर जसाच्या तसा पाठवा: "नमस्कार. माझं वय ४४. लहानपणापासूनच्या काही अडचणींमुळे मला ऑटिझमसाठी मूल्यमापन करून घ्यायचं आहे. आपण प्रौढांचं मूल्यमापन करता का? साधारण किती भेटी लागतात, एकूण फी किती आणि लेखी अहवाल मिळतो का? कृपया फोनऐवजी मेसेजवर कळवावं." दोन-तीन ठिकाणी एकदमच पाठवा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर फोन यजमानांना करू द्या.